स्वयंपाकघराचा मेयर

फोरस्क्वेअर, म्हणजे आपण कुठे आहोत हे मित्रांना कळवण्याचं फोनवरचं अ‍ॅप. त्यावर आमच्या एका घराची पाच-सहा तरी ठिकाणं नोंदलेली होती. घर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, गच्ची वेगळी, तळघरातली कपडे धुण्याची खोली वेगळी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमला कुणीतरी 'वाचनालय' असं नाव देऊन ठेवलं होतं. नकाशावर या सगळ्या टाचण्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. फोनला त्यांच्यातला फरक कळण्याची सोयच नव्हती. जीपीएस छपराखाली गडबडतं, चार घरं इकडचं तिकडे दाखवतं, आणि आपण कितव्या मजल्यावर आहोत हे तर त्याला धड सांगताच येत नाही. त्यामुळे गादीवर लोळत गच्चीचं चेक-इन, म्हणजे 'मी इथे आहे' अशी नोंद, खुशाल करता यायचं. लोक करायचेही.

घर विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. को-ऑप, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतःच चालवलेलं सहकारी घर. अशा घरात वॉर्डन नसतो, मेसचा ठेकेदार नसतो, रात्री फाटक लावणारं कुणी नसतं. जो राहतो तो सभासद, जो सभासद तो मालक, आणि जो मालक त्याच्याच हातात झाडू. भाडं किती ठेवायचं, छप्पर यंदा दुरुस्त करायचं की पुढच्या वर्षावर ढकलायचं, रिकाम्या खोलीत कोण येणार, फ्रीजमधल्या बेवारस डब्याचं काय करायचं, सगळं सभेत ठरतं. शिवाय प्रत्येकाच्या वाट्याला दर आठवड्याला ठरावीक तासांचं काम येतं. त्याला वर्कशिफ्ट म्हणायचे. आम्ही चाळीसेक जण होतो, म्हणजे एकमेकांना तोंडओळखीने ओळखायला पुरेसे कमी आणि एकमेकांपासून लपायला पुरेसे जास्त.

फोरस्क्वेअरचा तेव्हा भर होता. खेळाचा नियम सोपा: गेल्या 60 दिवसांत एखाद्या ठिकाणी सगळ्यांत जास्त दिवस ज्याने चेक-इन केलं, तो त्या ठिकाणचा मेयर. नावाशेजारी इवलासा मुकुट दिसायचा. दुसऱ्या कुणी आपल्याला मागे टाकलं की फोनवर तसा निरोप यायचा, आणि शहाणीसुरती माणसं त्या निरोपाने खरोखर चिडायची. बॅजही होते. महिन्याभरात दहा वेळा व्यायामशाळेत गेलात की एक, आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे तीननंतर बाहेर हिंडत असलात की दुसरा. एकूण काय, जगण्याला हजेरीपट लावलेला आणि हजेरीला बक्षीस.

आमच्या स्वयंपाकघराचा मेयर होता भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणारा एक मुलगा. उंच, मवाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रात्री दीड-दोनला प्रयोगशाळेतून यायचा, फ्रीजच्या उजेडात उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकायचा, एका अंगठ्याने चेक-इन करायचा आणि चमचा सिंकमध्ये सोडून वर निघून जायचा. साठ दिवसांत एकही खाडा नाही. उलट आमची किचन मॅनेजर. ती रीतसर मतं घेऊन निवडून आलेली होती. कांद्याची पोती किती मागवायची, डाळीच्या पिंपात पोरकिडे झाले का, फ्रीजचं तापमान कागदावर कोण लिहिणार, हे सगळं तिच्या डोक्यात. दिवसाचे तीन-चार तास ती त्या खोलीत असायची. पण फोरस्क्वेअरच्या लेखी ती तिथे कधी आलेलीच नव्हती, कारण तिचे हात कायम ओले असायचे.

एकदा सिंक तुंबलं. तिने मेयरसाहेबांना वरून बोलावून आणलं आणि म्हणाली, "तुझं राज्य आहे ना, मग घाल हात." त्याने घातला. खालचा पाइप सोडवला, त्यातून तेलकट करडा गोळा बाहेर काढला, वायसर बसवला, पुन्हा आवळला. चांगला तासभर गेला. त्यासाठी कुठलाही बॅज नव्हता. गंमत म्हणजे त्या रात्री तो चेक-इन करायलाच विसरला.

हा किस्सा त्या घरात पुढे बराच काळ सांगितला जायचा, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यातून आपल्या सोयीचं काहीतरी काढायचा. मला त्यात अ‍ॅपची थट्टा करण्यासारखं फारसं दिसत नाही. थट्टा सोपी आहे. अवघड आहे ते हे की ज्या गरजेपोटी ते अ‍ॅप निघालं ती गरज खोटी नव्हती, आणि आमच्या घराला तर ती चांगलीच ठाऊक होती.

गरज अशी: माझी माणसं आत्ता कुठे आहेत? डेनिस क्राउली आणि अ‍ॅलेक्स रेनर्ट न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत असताना त्यांनी 'डॉजबॉल' नावाची सेवा उभी केली. आजच्यासारखे स्मार्टफोन अजून यायचे होते. तुम्ही एखाद्या ठिकाणी पोहोचलात की त्या ठिकाणाचं नाव एसएमएसने पाठवायचं. मग आसपास असलेल्या तुमच्या मित्रांना आणि मित्रांच्या मित्रांनाही निरोप जायचा, की अमका इथे आहे. जीपीएसचा पत्ता नाही. माणसाने सांगितलं तेच प्रमाण. गूगलने 2005 मध्ये डॉजबॉल विकत घेतलं, त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि 2009 च्या सुरुवातीला ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर दोनच महिन्यांत क्राउली नवीन सेल्वादुराई या जोडीदाराबरोबर ऑस्टिनमधल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात हजर झाला, फोरस्क्वेअर घेऊन. गोवाला हा त्याचा प्रतिस्पर्धीही तिथलाच, खुद्द ऑस्टिनचा. हजारो तरुण माणसं परक्या गावात चार दिवस आलेली, संध्याकाळी कुठे जायचं आणि आपले लोक कुठे जमलेत हे कुणालाच माहीत नाही. अशा अ‍ॅपला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. 2010 च्या जानेवारीत हार्वर्ड विद्यापीठाने विद्यार्थ्यांना आपला परिसर धुंडाळता यावा म्हणून फोरस्क्वेअरशी हातमिळवणी केली, आणि विद्यापीठांच्या आवारात हे लोण पसरलं.

विद्यार्थी सहकारी घरांची सुरुवातही एका गरजेतून झाली, पण ती पोटाची. 1930 च्या दशकातली महामंदी. शिकायचं आहे, पण खोलीला आणि जेवणाला पैसे नाहीत. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरमध्ये 1932 साली विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन घर चालवायला घेतलं. 1933 मध्ये बर्कलीत हॅरी किंगमन या वायएमसीएच्या संचालकाच्या पुढाकाराने काही विद्यार्थ्यांनी तेच केलं. त्या संस्थेच्या घरांमध्ये आज 1200 हून अधिक विद्यार्थी राहतात आणि बहुतेक ठिकाणी आठवड्याला पाच तासांची वर्कशिफ्ट अजून चालू आहे. एडिनबरामध्ये 106 विद्यार्थ्यांचं असंच एक घर 2014 मध्ये सुरू झालं. या सगळ्यांचं मूळ जातं ते 1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 28 विणकरांनी आणि कारागिरांनी उघडलेल्या दुकानापर्यंत. पीठ, लोणी, साखर, ओटमील आणि मेणबत्त्या, एवढाच माल. नियम मात्र असा की कुणाचे किती का पैसे असेनात, मत एकच.

एक माणूस, एक मत. मेयरच्या खेळात हे बसत नाही. तिथे जो जास्त वेळा दिसतो तो मोठा.

आता दोन्हीकडे हजेरी होती, हे खरं. आमच्याकडेही हजेरी काटेकोर होती. स्वयंपाकघराच्या दाराला आतल्या बाजूने वर्कशिफ्टचा तक्ता लावलेला असायचा, शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल. डावीकडे काम, मग नाव, मग वार, मग सही, आणि शेवटी आणखी एक अरुंद रकाना, त्यात दुसऱ्या कुणाची तरी सही. काम करणाऱ्याने 'केलं' म्हणून लिहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी येऊन पाहून 'हो, झालंय' असं म्हणायचं. ही दुसरी सही नसेल तर तास धरले जात नसत. तक्त्याचा कागद आठवडा संपेपर्यंत तेलाने अर्धपारदर्शक झालेला असायचा. समासात खरडलेलं असायचं: 'शेगडीच्या मागे बघितलंस का?' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'बघितलं. तू बघ.' त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, 'दोघांनीही बघितलेलं नाही.' कधीकधी नुसतं प्रश्नचिन्ह, आणि ते पाहून माणूस निमूटपणे तवा पुन्हा घासायला घ्यायचा.

फोरस्क्वेअरलाही पडताळणीचा प्रश्न पडलाच. लोक घरबसल्या विमानतळांचे आणि स्टेडियमचे मेयर व्हायला लागले, तेव्हा 2010 मध्ये त्यांनी तोड काढली: फोन त्या ठिकाणाच्या जवळपास नसेल तर चेक-इन करा हवं तर, पण गुण मिळणार नाहीत, मुकुट मिळणार नाही. म्हणजे अंतर मोजलं की झालं. आमच्याकडची पडताळणी बोट फिरवून व्हायची. ओट्यावरून बोट फिरवायचं आणि बोटाकडे बघायचं. अंतर मोजणारं यंत्र माणूस जागेवर होता की नाही एवढंच सांगू शकतं. तिथे असून त्याने काय केलं याचा त्याला पत्ता नसतो. आणि सहकारी घराचा सगळा कारभार या दुसऱ्या प्रश्नावर चालतो.

तो नेहमी चांगला चालतो असं मात्र मुळीच नाही. सहकाराबद्दल भाबडेपणाने लिहिणाऱ्यांना एकदा महिनाभर अशा घरात राहायला पाठवावं. बर्कलीच्या संस्थेचं बॅरिंग्टन हॉल हे सगळ्यांत मोठ्या घरांपैकी एक. अमली पदार्थ, गोंगाट, शेजाऱ्यांच्या तक्रारी यांनी ते इतकं गाजलं की 1989 मध्ये संस्थेच्या सभासदांनीच मतदान करून ते बंद करायचं ठरवलं. आतल्या लोकांनी विरोध केला, तरीही. आमच्याकडे एवढं टोक कधी गाठलं गेलं नाही. पण तास बुडवणारे होते, खोटी दुसरी सही देणाऱ्या मित्रांच्या जोड्या होत्या, आणि 'मी गंभीर अभ्यासात आहे' हे कारण तर वर्षभर चालायचं, सुट्टीतही.

तरी चेक-इनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. चाळीस माणसांच्या घरात संध्याकाळी बहुतेक दारं बंद असतात. दाराआड कुणी आहे का, असलं तर त्याला बोलायचंय का, कळायला मार्ग नाही. दार ठोठावणं म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडणं. अशा वेळी फोनवर दिसायचं: अमकी, गच्चीवर. त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा, की यायचं तर या. मग आणखी एक चेक-इन, मग आणखी एक, आणि तासाभरात वर सात-आठ जण जमलेले, कुणीतरी पांघरूण आणलेलं, कुणीतरी विनाकारण शिडी. बोलावणं कुणी कुणाला धाडलेलं नाही, नकार कुणाला द्यावा लागलेला नाही. लाजाळू माणसांसाठी ही फार मोठी सोय होती. ज्यांना 'चल' म्हणता येत नाही त्यांना 'मी इथे आहे' एवढं म्हणता येतं.

पण त्याच कामासाठी घरात आधीपासून एक वस्तू होती. जिन्याच्या पायथ्याशी लाकडी फळी, त्यावर खिळ्यांना लटकवलेल्या नावाच्या पट्ट्या. पट्टीची एक बाजू हिरवी, घरात. दुसरी लाल, बाहेर. जाता-येता उलटायची. आग लागली तर आत कोण आहे हे कळावं म्हणून जुन्या कुठल्यातरी पिढीने लावलेली. निम्म्या पट्ट्या कायम चुकीच्या. एकजण घर सोडून गेल्यावरही महिनोन्महिने 'घरात' होता. तरी त्या फळीवर एक गोष्ट बरोबर होती: ती वाचायला तुम्हाला जिन्याशी उभं राहावं लागायचं. म्हणजे आधी घरात यावं लागायचं. माहिती तीच, अमकी आत्ता घरात नाही एवढीच, पण ती उंबऱ्याच्या बाहेर जात नव्हती.

उंबऱ्याबाहेर गेली की काय होतं हे 2010 च्या फेब्रुवारीत तिघा डच तरुणांनी दाखवून दिलं. 'प्लीज रॉब मी' नावाची एक साधी साइट. लोक ट्विटरवर जाहीर करत असलेली फोरस्क्वेअरची चेक-इन तिथे ओळीने येत राहायची, आणि प्रत्येकीचा अर्थ लावलेला असायचा, की हा माणूस आता घरी नाही, घर मोकळं आहे. नवीन माहिती त्यांनी शोधून काढलेली नव्हती. लोकांनी आपण होऊन टाकलेलंच फक्त दुसऱ्या बाजूने मांडलं. आमच्या घरात त्यावर हशा पिकला, कारण आमचं घर कधीच मोकळं नसायचं. चाळीसमधला कुणी ना कुणी सोफ्यावर झोपलेलाच असायचा. चोराने आत येऊन काय न्यावं हाही प्रश्नच होता.

हसू थांबलं ते वेगळ्या कारणाने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेसबुकने प्लेसेस आणलं, आणि त्यात चेक-इन करताना बरोबरच्यांची नावंही जोडता येऊ लागली. आमच्यातल्या एकीने आपण कुठे राहतो हे ठरवून कुणाला सांगितलं नव्हतं. का, ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. रविवारच्या सामुदायिक जेवणाला कुणीतरी मोठ्या उत्साहाने चेक-इन केलं, घराच्या नावाने, आणि टेबलाभोवतीच्या दहा-बारा नावांत तिचंही नाव टाकलं. वाईट हेतू नव्हता. पण तिने मुद्दाम न सांगितलेली गोष्ट आता पत्त्यासकट सांगून झाली होती, आणि तीही तिच्या तोंडून नाही. दुसऱ्या दिवशी तिने सभेसाठी विषय लिहून दिला. कागदावर एवढंच होतं: 'माझ्या वतीने मी इथे आहे असं कोण सांगू शकतं?'

ती सभा लांबली. आमच्या सभांमध्ये टाळ्या नसायच्या. पटलं तर हात वर करून बोटं हलवायची, नाही पटलं तर हात खाली. बाहेरून आलेल्याला हसू येतं, पण बोलणाऱ्याचं बोलणं तुटत नाही हा त्याचा फायदा. एकाचं म्हणणं, यात चोरी काय, घराचा पत्ता तर संस्थेच्या माहितीपत्रकातही छापलेला आहे. दुसऱ्याने उत्तर दिलं की पत्ता छापलेला आहे, त्या पत्त्यावर कोण राहतं ते छापलेलं नाही. कायद्याची एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की घर माझं आहे म्हणून माझं लोकेशन मी सांगेन, पण घर माझं एकटीचं नाही, त्यामुळे घराचं लोकेशन मला एकटीला सांगता येईल का? यावर बरीच बोटं हलली. तिचं बोलणं मला तेव्हा कीस पाडल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. एकट्याने राहणारा माणूस घरचं चेक-इन करतो तेव्हा तो स्वतःचा पत्ता देतो. सामाईक घरात तोच एक अंगठा चाळीस जणांचा पत्ता देतो.

ठराव छोटा झाला. घराच्या नावाने सार्वजनिक चेक-इन करायचं नाही. दुसऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय कुठेही जोडायचं नाही. पाहुण्यांना हे दारातच सांगायचं. 'वाचनालय' काढून टाकावं का यावर वेगळं मतदान झालं आणि ते राहिलं, कारण ते कुठे आहे हे बाहेरच्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं.

आमची भीती उगाच नव्हती, हे पुढे दोन वर्षांनी उघड झालं. 2012 च्या मार्चमध्ये 'गर्ल्स अराउंड मी' या अ‍ॅपवरून गदारोळ उठला. फोरस्क्वेअरवरची चेक-इन आणि फेसबुकवरची खुली माहिती यांची सांगड घालून ते आसपासच्या ठिकाणी आत्ता कोणत्या मुली आहेत हे फोटोंसकट नकाशावर दाखवायचं. त्या मुलींना याचा पत्ताही नव्हता. फोरस्क्वेअरने त्यांना माहिती देणं बंद केलं आणि अ‍ॅप बाजारातून उठलं. पण मधल्या काळात त्याने कुठलाही दरवाजा फोडलेला नव्हता. सगळी दारं उघडीच होती.

यानंतर चेक-इनची हवा ओसरली. गोवाला फेसबुकने गिळलं आणि 2012 मध्येच ते बंद झालं. फोरस्क्वेअरने 2014 मध्ये चेक-इनचा भाग कापून स्वार्म नावाचं वेगळं अ‍ॅप काढलं, आणि मुकुटासाठीची चुरस फक्त मित्रांपुरती ठेवली. लोकांना वाटलं, चला, हे वेड संपलं. खरं तर संपलं ते फक्त बटण दाबणं. माणसं कुठे जातात याची नोंद ठेवणं त्यानंतरच खऱ्या अर्थाने धंद्याला लागलं. 2016 च्या एप्रिलमध्ये फोरस्क्वेअरच्या प्रमुखाने, लोकांची पावलं कुठे वळताहेत एवढ्यावरून, चिपोटले या खानावळींच्या साखळीच्या आधीपासून चालू असलेल्या शाखांमधली तिमाही विक्री जवळपास 30 टक्क्यांनी घसरेल असं आधीच सांगितलं. कंपनीचे आकडे आले तेव्हा घसरण निघाली 29.7 टक्के. एखाद्या ज्योतिषाने असं सांगितलं असतं तर त्याची देवळं उभी राहिली असती.

विद्यापीठांपुरतं बोलायचं तर खेळ उलटाच झाला. 2019 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने स्पॉटरईडीयू या अ‍ॅपबद्दल सविस्तर लिहिलं. वर्गात ब्लूटूथचे छोटे बीकन, म्हणजे सतत खुणेचा संदेश सोडणारी उपकरणं, बसवलेले, विद्यार्थ्याच्या फोनमधलं अ‍ॅप त्यांना ओळखतं, आणि तो वर्गात आला, उशिरा आला की मधूनच निघून गेला याची नोंद आपोआप होते. हार्वर्डच्या पोरांना एकेकाळी चेक-इन करण्याची मौज वाटावी म्हणून जी कल्पना पुढे आणली होती, ती दहा वर्षांच्या आत हजेरीमास्तर होऊन परतली. आणि 2020 नंतर साथीच्या काळात तर कित्येक देशांत दुकानात पाऊल ठेवायचं तर दाराशी क्यूआर कोड स्कॅन करून चेक-इन करा, हेच नेहमीचं झालं. ते गरजेचं होतं, त्यावर माझा वाद नाही. पण साठ दिवसांच्या मुकुटासाठी भांडणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

म्हणूनच जुन्या चेक-इनबद्दल मला आता थोडी आपुलकी वाटते, त्याच्या सगळ्या मिरवण्यासकट. मिरवायला का होईना, माणूस थांबून, खिशातून फोन काढून, ठिकाणाचं नाव निवडून सांगायचा. न सांगण्याची मुभा होती. थाप मारण्याचीही होती, आणि ती मुभा महत्त्वाची होती; ज्याला खोटं सांगता येतं त्याच्याच सांगण्याला शब्द दिल्याचं मोल येतं. आमच्या तक्त्यावरची सही याच जातीची होती. फक्त तिच्या शेजारी दुसऱ्या सहीचा रकाना होता. पार्श्वभूमीला चालू राहणारं लोकेशन बरोबर असतं, मोकळ्या आकाशाखाली बहुतेक वेळा काही मीटरच्या आत बरोबर असतं, पण ते कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. त्याच्या समासात 'तू बघ' असं लिहायला जागा नसते.

फोरस्क्वेअरचं शहरदर्शक अ‍ॅप 2024 च्या डिसेंबरमध्ये बंद झालं. ती बातमी मला आमच्या त्या जुन्या घरात आत्ता राहणाऱ्या एका मुलीने कळवली. तिच्या वयाच्या कुणीही ते कधी वापरलेलं नव्हतं. घराच्या जुन्या सभांच्या वह्या चाळताना तिला आमचा ठराव सापडला होता आणि 'वाचनालय' म्हणजे काय हे तिला विचारायचं होतं. बोलता बोलता कळलं की तिथे तोच वाद पुन्हा निघालाय. आताच्या मुलांमध्ये मित्रांना कायमचं लोकेशन दिसत राहणं ही इतकी साधी गोष्ट आहे की ते बंद केलं तर लोक विचारतात, रागावलीस का? त्यामुळे एकाने प्रस्ताव आणला की सगळ्या सभासदांनी घराच्या एका ग्रुपमध्ये लोकेशन उघडं ठेवावं. पार्सल कोण घेईल, सामान उतरवायला कोण घरी आहे, वर्कशिफ्ट कोण बुडवतंय, सगळं एका नजरेत.

प्रस्ताव पडला. तिच्या सांगण्यावरून, शेवटच्या मुद्द्यामुळेच पडला. वर्कशिफ्टच्या वेळेला घरात असणं म्हणजे वर्कशिफ्ट केली असं धरायला कुणीच तयार नव्हतं, विशेषतः जे नेहमी घरातच असतात त्यांच्याबद्दल. पण एक दुरुस्ती मंजूर झाली: माणसांचं लोकेशन नको, घराच्या सामाईक गाडीत ट्रॅकर बसवा. ती गाडी कोण घेऊन गेलंय आणि कुठे लावून ठेवलीय यावरून त्या घरात होणारी भांडणं माझ्याही काळात होती, त्यामुळे हा तोडगा मला एकदम पसंत पडला. ट्रॅकर आणला, बसवला. पुढच्याच आठवड्यात एकाने लेखी हरकत घेतली की गाडी आपण होऊन कुठे जात नाही, तिचं लोकेशन म्हणजे ती चालवणाऱ्याचंच लोकेशन. आता तो विषय येत्या सभेच्या यादीत आहे, भांड्यांच्या साबणानंतर.